ठकीची हाडं कुणी चोरली?

१

अठ्ठावीस वर्षं मी मेलेल्या म्हशींच्या चौकशा केल्या. विमा कंपनीत माझं कामच ते होतं. करकंबपासून केमपर्यंत कुठंही विमा उतरवलेलं जनावर दगावलं की आमची फटफटी निघाली. म्हैस साप चावून मेली की युरिया खाऊन, आणि गाय खरंच मेली की मेव्हण्याच्या गोठ्यात आरामात रवंथ करत उभी आहे, हे शोधून काढायचं. जनावर कधी खोटं बोलत नाही, बोलतो तो मालक, एवढं एकच शहाणपण मी त्या नोकरीत कमावलं. तेवढ्यावर माझं भागत होतं. या एप्रिलमध्ये मात्र एका घोरपडीनं माझी पुरती जिरवली.

माझं नाव संगमेश. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सोलापुरात शुक्रवार पेठेत मी आणि माझी बायको महादेवी, दोघंच राहतो. त्या मंगळवारी सकाळी पेपर वाचत असताना डॉ. अंकिताचा फोन आला.

"काका, आत्ताच्या आत्ता या. ठकी उठत नाहीये."

अंकिता जनावरांची डॉक्टर. अक्कलकोट रस्त्याला जखमी वन्यप्राण्यांसाठी ती एका संस्थेतर्फे एक छोटं उपचार केंद्र चालवते. घोरपड घरी पाळणं हा गुन्हा, पण ठकी तिथं वनखात्याच्या रीतसर परवानगीनं राहत होती. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानं तिला टोपीत घालून आणलं होतं. वीतभर जीव, पुढच्या पायाची दोन बोटं सापळ्यात तुटलेली. वाढवायची, धडधाकट करायची आणि माळावर सोडून द्यायची, असं ठरलं होतं.

मी पोचलो तेव्हा ठकी तिच्या पिंजऱ्यात सपाट पाटावर पोट टेकून पडली होती. एरवी माणूस दिसला की ती मान वर करून जीभ बाहेर काढायची. आज नुसती डोळ्यांनी बघत राहिली. मागचे पाय फरफटत होते आणि बोटं आपोआप थरथरत होती.

अंकितानं दोन एक्स-रे खिडकीला लावले.

"हा डिसेंबरातला. हा आजचा."

पहिल्यात ठकीची हाडं खडूसारखी पांढरी होती. दुसऱ्यात बघावं तर नुसती धुरकट रेष.

"हाडं गेली कुठं?" मी म्हणालो.

"तेच तुम्ही शोधायचंय. शरीराला अन्नातून कॅल्शियम मिळालं नाही की ते स्वतःच्याच हाडांतलं ओढून घेतं. वाढत्या वयात तर भराभर. पण तिच्या अन्नात कॅल्शियम भरपूर आहे!" तिनं भिंतीवरचा तक्ता दाखवला. बटेराची, म्हणजे लाव्याची, अंडी टरफलासकट, कोंबडीची मान हाडासकट तुकडे करून. "हाडं आणि टरफलं पोटात जातात म्हणून मी वेगळी पावडरसुद्धा देत नव्हते. म्हणजे हे अन्न तिच्यापर्यंत पोचतच नाहीये. मधेच कुणीतरी काहीतरी करतंय."

"कुणावर संशय?"

अंकितानं मान फिरवली. "संस्थेची मंडळी भीमाचं नाव घेतायत. शुक्रवारी वनखात्याचे साहेब येणार आहेत. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर भीमाला काढतील आणि ठकीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवतील. या अवस्थेत ती एवढा प्रवास झेलणार नाही, काका."

मी फाटकाकडे पाहिलं. भीमा बाहेरून आत येत होता. मला बघताच तो थबकला, आणि खांद्यावरची जड पिशवी त्यानं हळूच पाठीमागं लपवली.

२

भीमा पन्नाशीचा गडी. केंद्र सुरू झाल्यापासून तिथंच राहतो. त्याच्यावर संशय का, हे मला ठाऊक होतं. त्याचा बाप करकंबच्या बाजारात घोरपडीचं तेल विकायचा. ते तेल कुणाच्या गुडघ्याला लागलं आणि कुणाचा गुडघा बरा झाला देव जाणे, पण बापाच्या धंद्याचा डाग पोराच्या कपाळी लागून राहिला होता.

"पिशवीत काय आहे भीमा?"

"काय न्हाय साहेब."

"काय नाही ते एवढं जड कसं काय?"

त्यानं पिशवी खाली ठेवून तोंड उघडलं. आत माती होती. लालसर, भुसभुशीत.

"वारुळाची हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "पडीक वारुळाची, मुंग्या न्हाईत आता त्येच्यात. ठकीला खनायला आनतो. हितं समदं शिमिट हाय, नखं झिजत्यात तिची. जुनी माती टाकून येतो आन नवी आनतो. डाक्टरीनबाईंनी कचरा करू नगं म्हनलंय, म्हनून लपवून."

मी मातीत हात घालून तळापर्यंत चाचपलं. माती ती मातीच होती. मला माझीच लाज वाटली, पण चौकशी ती चौकशी.

"उन्हात नेतोस का तिला?"

"रोज सकाळी तासभर. अंगात ऊन भिनल्याबिगर तिला अन्न पचत न्हाय."

तेही खरं होतं. अंगणातल्या फरशीवर ती रोज पडते तिथं तुळतुळीत डाग पडला होता. शिवाय सोलापुरात एप्रिल महिन्यात कुणाला उन्हाचा तोटा पडला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पोटात जंतही नव्हते, विष्ठेची तपासणी अंकितानं आधीच केली होती. म्हणजे राहिलं फक्त खाणं.

"खायला तूच घालतोस ना?"

"व्हय. धा वाजता. वाटी भरून येती, ती म्होरं ठिवतो. पुसून खाती बगा समदं, कन बी ठिवत न्हाय."

"भीमा, खरं सांग. त्यातलं तू काही बाजूला काढतोस?"

त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "साहेब, घोरपड चावत न्हाय, गिळती. आख्खं गिळती. बापानं लई घोरपडी मारल्या. ही एक जगवावी म्हनलं, तर तीबी माझ्याच हातानं जातीय जनू."

घोरपड गिळते, चावत नाही. हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असा वेळेवर झोपा काढतो.

३

दुपारी जेवायला घरी आलो. अंगणात महादेवी चिंच फोडत बसली होती. एप्रिल म्हणजे वर्षाची चिंच साठवायचे दिवस. आमच्या गल्लीत प्रत्येक दारात हे चाललेलं असतं, आणि पोरं चिंचोके भाजून खातात. आमच्या घरचे चिंचोके मात्र कुणाला मिळत नाहीत. महादेवी ते झाकणाच्या डब्यात टाकते, घट्ट झाकण लावते, आणि स्वतः नेऊन कुठंतरी लांब फेकून येते.

"हात धुवा, वाढते," ती म्हणाली.

आमटी शेवग्याची होती, पण त्यात शेंग शोधून सापडायची नाही. महादेवी शेंगा उकडते, गर खरवडून काढते आणि तेवढाच आमटीत घालते. जेवणानंतर तिनं खजूर दिले, तेही चिरून, बी काढून. सहासष्ट वर्षांच्या नवऱ्याला बायको बी काढून खजूर देते हे मी मित्रांना सांगितलं तर उद्यापासून कट्ट्यावर बसायची सोय राहणार नाही. बोरं, सीताफळ, जांभूळ, आमच्या घरात बी म्हणून काही ताटात येत नाही. मी कधीमधी चेष्टा करतो. ती पुढचा खजूर चिरते.

"ठकी आता कशी हाय?" तिनं विचारलं. तिचाही त्या केंद्रात जीव अडकलाय. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात, मांज्यानं पंख कापलेलं एक घुबड आमच्या अंगणात पडलं. ते पदरात गुंडाळून ती अंकिताकडे घेऊन गेली, आणि तेव्हापासून रोज सकाळी तिकडं जायला लागली. आधीचा मदतनीस सोडून गेला होता, तर प्राण्यांचं खाणं तयार करायचं कामही हिनंच घेतलं. जिनं जन्मात अंड्याला हात लावला नाही, मटणाच्या दुकानावरून जाताना जी पदर नाकाला लावते, ती बाई कोंबडीची मान कापते! घरी आली की डोक्यावरून आंघोळ करते, मगच देवाजवळ जाते. मी नुसता बघत राहिलो होतो.

"बरी नाही," मी म्हणालो. "कुणीतरी तिच्या खाण्यात गडबड करतंय."

"अय्यो! लेकराच्या तोंडचं काढतंय कोण?" तिनं वाटी खाली ठेवली. "भीमण्णा नाही करणार तसं. त्याला त्रास देऊ नका हं तुम्ही."

मी खिडकीतून कुंड्यांकडे बघत बसलो. यंदा आमचे गुलाब असे फुलले होते की शेजारच्या गिरिजाबाई रोज येऊन बघून जायच्या. एवढ्या उन्हाळ्यात गुलाब! मला कौतुक वाटलं, आणि मी वामकुक्षीला आडवा झालो.

४

बुधवारी सकाळी मी जोतिरामच्या दुकानात गेलो. केंद्राला चिकन आणि बटेराची अंडी तोच पुरवतो. पोचवतोही स्वतः, आठ वाजता.

"हाडं काढून विकत असशील आणि नुसतं मांस देत असशील," मी मुद्दाम डिवचलं.

जोतिराम सुरा खाली ठेवून हसला. "साहेब, हाडं काढायला मेहनत लागती. फुकट मेहनत करणारा मानूस मी दिसतो का तुमाला? मान म्हंजे समदी हाडंच की. मांस त्येच्यावर नावाला असतंय. ही बगा आजची पिशवी, सोताच्या डोळ्यांनी बगा."

मी पाहिलं. चार माना, हाडांसकट. सहा अंडी, तपकिरी ठिपक्यांची, एकही फुटलेलं नाही. मी त्याच्याच गाडीवर मागं बसून केंद्रापर्यंत गेलो. पिशवी मांडीवर घेऊन. एका माजी अधिकाऱ्याला शोभणारं दृश्य नव्हतं ते, पण दुकानापासून फाटकापर्यंत काही गायब झालं नाही याची मी शपथ घ्यायला तयार होतो. पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि बाहेर आलो.

फाटकाजवळ लंगड्या बसला होता. हा रस्त्यावरचा तीन पायांचा कुत्रा. जानेवारीत मी त्याला पाहिलं होतं तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता त्याची पाठ पाटासारखी रुंद झाली होती आणि अंगावर तकाकी आली होती.

मी त्याच्यामागं गेलो. कुंपणाच्या कडेला करंजाच्या झाडाखाली त्याची जागा होती. तिथं हाडांचा ढीग पडला होता. बारीक, चिमुकली, मानेची हाडं. काही आजची नव्हती, महिन्यांची होती.

ठकीची हाडं सापडली होती. ती कुत्र्याच्या ताटात होती, आणि ते झाड भीमाच्या खोलीपासून दहा पावलांवर होतं.

५

मी तिथंच दगडावर बसलो. आता सरळ जाऊन अंकिताला सांगायचं की झालं काम. भीमा हाडं काढतो आणि कुत्र्याला घालतो. कुत्र्यावर माया, घोरपडीवर सूड, काहीतरी कारण चिकटवता आलं असतं. संस्थेच्या मंडळींना तेच हवं होतं.

पण एक हाड मी उचललं आणि निरखून पाहिलं. नोकरीत असताना मी कुत्र्यानं सोललेली हाडं पाहिली होती, माणसानं तोडलेली पाहिली होती. हे हाड तोडलेलं नव्हतं. सांध्यासांध्यातून अलगद सोडवलं होतं, आणि त्यावरचं मांस उभ्या रेषेत, एका दिशेनं खरवडून घेतलं होतं. ज्याला मटण कापायची सवय असते तो असं करत नाही. तो धाडकन सुरा मारतो. हे काम अशा हाताचं होतं ज्यानं आयुष्यात मांस कधी कापलं नव्हतं, पण शेवग्याच्या शेंगेचा गर मात्र हजारदा खरवडला होता.

मी ते हाड परत ढिगात ठेवलं.

ठकीच्या वाटीपर्यंत तीन हात होते. जोतिराम आणतो, एक जण कापतो, भीमा घालतो. मी पहिला हात तपासला. तिसरा तपासला, त्याला रडवलंसुद्धा. मधला हात मी विचारातच घेतला नव्हता, कारण त्या हातचं मी चाळीस वर्षं जेवतोय.

रिक्षा करून घरी गेलो. महादेवी अजून यायची होती. मी कुंड्यांजवळ बसलो आणि गुलाबाच्या बुंध्याशी बोटानं उकरलं. मातीत पांढरी भुकटी मिसळली होती. मी रोज ती बघत होतो आणि रांगोळी सांडली असेल असं समजत होतो. तिसऱ्या कुंडीत नीट न कुटलेला एक तुकडा सापडला. नखाएवढा, आतून पातळ पापुद्रा असलेला.

बाहेरून त्यावर तपकिरी ठिपके होते.

६

ती आली, आंघोळ केली, देवाला दिवा लावला आणि पुन्हा चिंच फोडायला बसली. मी तो तुकडा तळहातावर घेऊन तिच्यासमोर बसलो.

"हे काय, महादेवी?"

ती ओशाळली. "अवो, ते अंड्याचं टरफल हाय. घरात आणायला नको ते मला कळतंय की. पण अंकिता म्हणाली, गुलाबाला चांगलं असतंय. मग तिकडंच कुटून आणायची. टाकून कशाला द्यायचं?"

"टरफल ठकीच्या पोटात जायला हवं होतं."

"टरफल?" तिनं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं. "धारदार असतंय ते. मी अंडं फोडून आतलं तेवढं देते तिला."

"आणि मानेतली हाडं?"

"ती तर सुईसारखी! एकेक चाचपून काढते मी आणि लांब कुंपणाकडं टाकते, तासभर जातोय त्यात. तक्त्यावर लिवलंय हाडासकट, पण अंकिता लहान हाय अजून, तिला काय म्हाईत? एवढंसं तोंड हाय ठकीचं. पाप, बिचारीला बोलता तरी येतंय का? घशात अडकलं तर कुणाला सांगणार?" तिचे हात चिंचेत थांबले. "दानूला पण सांगता आलं नव्हतं."

एकतीस वर्षांत हे नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

दानेश्वरी, आमची मुलगी. अडीच वर्षांची होती. असाच एप्रिल होता, असंच अंगण, अशीच चिंच. महादेवी आत पाणी प्यायला गेली तेवढ्यात दानूनं चिंचोका तोंडात टाकला. मी त्या दिवशी केमला एका बैलाची चौकशी करत होतो. परत आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आम्ही दोघांनी कधी एकमेकांना दोष दिला नाही, आणि कधी त्यावर बोललोही नाही. ती बिया काढत राहिली, मी चेष्टा करत राहिलो. मला माहीत होतं ती का काढते. तरी मी चेष्टा करत होतो, कारण चेष्टा केली नसती तर रडावं लागलं असतं. आता मी रडलो, तिच्यासमोर, लहान पोरासारखा.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग ती हळूच म्हणाली, "टरफल खायाचं असतंय का तिनं? हाडं पण?"

"घोरपड अख्खं गिळते. त्यातूनच तिची हाडं होतात."

तिनं चिंचेनं माखलेले हात समोर धरले.

"म्हणजे तिची हाडं मीच काढली," ती म्हणाली.

मला ते ऐकवेना. "तू उद्यापासून जाऊ नको. ठकीला औषध सुरू झालंय. अंकिताला मी काहीतरी सांगतो, तुझं नाव येणार नाही."

"आणि भीमण्णा?"

अठ्ठावीस वर्षं खोटे दावे पकडलेला माणूस बायकोसाठी पहिला खोटा दावा तयार करत होता, हे तिला बरोबर समजलं.

"मी येणार शुक्रवारी," महादेवी म्हणाली आणि चिंचोक्यांच्या डब्याला झाकण लावून उठली.

७

शुक्रवारी अकरा वाजता वनखात्याचे साहेब आले. संस्थेची दोन-तीन माणसं खुर्च्यांवर बसली होती. भीमा दाराशी उभा होता. त्याच्या पायाशी कपड्यांचं गाठोडं होतं, आधीच बांधलेलं. निकाल काय लागणार हे त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मी बोलायला उभा राहणार तोच महादेवी पुढं गेली. चार लोकांत ती कधी बोलत नाही. नवं इरकल लुगडं नेसली होती आणि पदर दोन्ही खांद्यांवर घेतला होता.

"साहेब, भीमण्णानं काही केलं नाही," ती म्हणाली. "हाडं मी काढली, टरफलं पण मीच काढली. आमच्या घरात हे कुणी खात नाही, त्यामुळं मला कळलं नाही. तिच्या घशात अडकंल असं वाटलं मला." मग ती भीमाकडे वळली आणि तिनं चक्क हात जोडले. "माझ्या पायी तुझ्यावर आळ आला रे."

भीमा घाईघाईनं पुढं आला. "बाई, हात जोडू नगा! मला म्हाईत हुतं की. वाटीत हाड न्हाय हे रोज दिसत हुतं मला. घोरपड हाडासकट गिळती हे बापानं दाखिवलेलं. पर म्या म्हनलं, डाक्टरीनबाईंनीच सांगितलं आसंल. आन घोरपडी मारनाऱ्याच्या पोरानं घोरपडीला काय घालायचं ते सांगावं, तर ऐकतंय कोन?"

अंकिताची मान खाली गेली होती. "मी विचारायला हवं होतं, भीमाकाका," ती म्हणाली. "तीन महिन्यांत मी एकदाही वाटीत डोकावले नाही. तक्ता लावला आणि निर्धास्त झाले." तिनं त्याला काका म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी मग लंगड्याची हाडं, गुलाब आणि ठिपक्यांचं टरफल यांची हकिगत सांगितली. साहेबांनी लिहून घेतलं. केंद्राला लेखी समज दिली आणि बजावलं की इथून पुढं वाटी भरताना भीमानं बघितली पाहिजे आणि सही केली पाहिजे. ठकीला हलवायचं रद्द झालं. भीमाला सही येत नव्हती. ती त्याला महादेवीनंच शिकवली, पुढच्या आठवड्यात, त्याच ओट्यावर. खरं तर ती यायची थांबणार होती, पण भीमानं तिला सोडलं नाही. "तुमी न्हाई आलात तर ठकी फाटकाकडं बगत बसती," तो म्हणाला. खरंखोटं त्यालाच ठाऊक.

अंकितानं दोन महिने ठकीला थेंबाथेंबानं औषध पाजलं. आधी बोटांची थरथर थांबली, मग जबडा घट्ट झाला. जूनच्या अखेरीला ती पोट उचलून चालली, आणि वारुळाच्या मातीत एवढा खड्डा करून ठेवला की भीमा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. एक्स-रे काढला. रेषा पुन्हा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. त्या दिवशी अंकिता म्हणाली, "आता अख्खं अंडं देऊन बघू. काकू, तुम्ही द्या."

महादेवीनं बटेराचं अंडं हातात घेतलं. ते खाली ठेवायला तिचं मन धजेना. भीमा शेजारी बसून म्हणाला, "ठिवा बाई. तिला येतंय."

तिनं अंडं मातीवर ठेवलं. ठकीनं दोनदा जीभ लावून पाहिली, मग जबडा पसरला आणि अंडं आत घेतलं. मान वर केली. गळ्याला टचटचीत फुगवटा आला. महादेवीनं माझं मनगट धरलं. फुगवटा तिथंच राहिला. मग आतल्या आत करकर असा टरफल फुटल्याचा आवाज आला, फुगवटा खाली सरकला आणि दिसेनासा झाला. ठकीनं जीभ बाहेर काढली आणि अजून आहे का म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

"गेलं," महादेवी म्हणाली. "गेलं हो, खाली गेलं." आणि ती हसता हसता रडायला लागली.

घरी आल्यावर जेवण झालं. तिनं नेहमीसारखी खजुराची वाटी माझ्यापुढं ठेवली. मी एक उचलून तोंडात टाकला आणि दाताला काहीतरी टणक लागलं. मी तिच्याकडं पाहिलं. ती समोर पाटावर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून.

मी हळूहळू खाल्लं. बी काढून ताटाच्या कडेला ठेवली. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. तीन बिया ताटात पडेपर्यंत ती माझ्याकडं बघत बसली, मग ताट उचलून आत घेऊन गेली.